जुन्या टाकीजवळ, नांदुरा: एक सुधारणा प्रस्ताव

घर क्रमांक: फक्त आकडे लिहा. ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

*

फिनलंडमधल्या हेल्मी नावाच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "टाकीचा एखादा फोटो मिळू शकेल का?"

*

सिंधूताईंना कुणीतरी म्हणालं, चहा घेता का? त्यांनी हसून मान हलवली. कुणीतरी म्हणालं, मोताळ्याचे मामा गेले. त्यांनी हसून मान हलवली.

*

प्लास्टिकची काळी टाकी. हजार लिटरची. आत थेंब नाही, गळ्यात झेंडूचा हार.

*

त्या टाकीकडे पाठ करून एक माणूस फोनवर बोलत होता. "भाऊ, टाकीजवळच उभा आहो ना मी. पण मले पाह्यजे ते टाकी हे नव्हे."

*

हे सगळे तुकडे एकाच कहाणीतले आहेत का, असं नागसेन इंगळेला विचाराल तर तो आधी नाही म्हणेल, मग चहा मागवेल आणि मग सगळं सांगेल. त्याच्याकडून ऐकायचं तर दुपार जाते, म्हणून इथे थोडक्यात.

नागसेन पुण्याच्या एका कंपनीसाठी नांदुऱ्यात घरी बसून संगणकाचं काम करतो. 'घरी बसून' हे दोन शब्द त्याच्या आयुष्याला लागलेलं ग्रहण आहेत. मिलिंद नगरातल्या लोकांना तो सकाळी घरी दिसतो, दुपारी घरी दिसतो, आणि संध्याकाळी कानाला यंत्र लावून खिडकीत स्वतःशीच इंग्रजी बोलताना दिसतो. पलीकडच्या घरातले वामनराव, निवृत्त तलाठी, आल्यागेल्याला सांगतात, "पोरगा हुशार आहे. लागंल कुठीतरी." नागसेन वामनरावांच्या शेवटच्या पगारापेक्षा पुष्कळ जास्त आयकर भरतो, पण आयकर काही अंगणात वाळत घालून दाखवता येत नाही.

तर सिंधूताई म्हणजे नागसेनची आई. साऱ्या मिलिंद नगराची पोरं त्यांनी अंगणवाडीत सांभाळली. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक जमते आणि तिचं अध्यक्षपद कायम त्यांच्याकडे. गेल्या वर्षी त्यांचे कान गेले. बैठक तिथेच, अध्यक्ष तिथेच, फक्त अध्यक्ष आता कशातच भाग घेत नाहीत. हसून मान हलवतात. मग हळूहळू त्या अंधार पडायच्या आधीच आत जाऊन निजू लागल्या. त्यांची सून मंजुश्री शाळेत शिकवते, तिच्या हे आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "आईले ऐकू नाही येत याचं त्याईले दुःख नाही. लोकं हासतात, आन् त्याईले समजत नाही काऊन हासले, याचं आहे."

अकोल्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, मशीन सुचवली, आणि ती बेंगळुरूच्या एका कंपनीच्या वेबसाइटवरून मागवायला सांगितली. नागसेन खूश झाला. डॉक्टरांकडे रांगेत तोंड पाडून बसलेला नागसेन वेगळा आणि वेबसाइटसमोर बसलेला नागसेन वेगळा. दुसऱ्या नागसेनच्या बोटांत वीज असते.

ती वीज पत्त्याच्या रकान्यापाशी गेली.

घर क्रमांक. नागसेनच्या घराला क्रमांक नाही. नगरपालिकेच्या पावतीवर एक आहे, पण त्याच क्रमांकाची आणखी दोन घरं आहेत आणि एक गोठा. रस्त्याचं नाव. रस्त्याला नाव नाही. रस्ता आहे हेच काही जणांना मान्य नाही. मिलिंद नगरात पत्ता एकच चालतो: जुन्या टाकीजवळ. लग्नपत्रिका, गॅसचं सिलिंडर, रुसलेल्या लेकीमागे आलेली जावयाची माणसं, सगळं 'जुन्या टाकीजवळ' एवढ्यावर बिनचूक पोचतं. नागसेनने रस्त्याच्या रकान्यात ते लिहिलं. रकाना लाल झाला. घर क्रमांकात त्याने वैतागून एक आकडा ठोकला आणि रस्त्याच्या नावातही तोच. रकाना हिरवा झाला. मशीन निघाली, मलकापूरला पोचली, तिथे विचार करत बसली आणि 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन बेंगळुरूला परत गेली.

कंपनीतली मुलगी फोनवर फार गोड बोलली. फॉर्म आमचा नाही सर, तो पर्गोलातून तयार येतो, आम्ही त्यात काही करू शकत नाही.

(इथे थोडं थांबून पर्गोला सांगितला पाहिजे. मंडपवाला बांबू, दोर, खांब घेऊन येतो आणि सांगाडा उभा करून देतो; आपण कापड लावायचं आणि कार्य कुणाचंही असो, उरकायचं. पर्गोला हा वेबसाइटींसाठी असाच सांगाडा. फुकट. त्याला मालक नाही, म्हणजे सगळेच मालक. कुणालाही त्यात खोट दिसली तर त्याने लेखी सुधारणा सुचवायची, साऱ्या जगाने तिच्यावर उघड चर्चा करायची आणि पटली तर सांगाडा बदलायचा. मानवजातीने यापेक्षा सुंदर काही केलेलं नाही असं नागसेनचं मत आहे. हे ऐकून वामनराव म्हणाले होते, "म्हंजे ग्रामसभाच झाली ना बे. फक्त चहा नाही.")

मंजुश्रीने साधा उपाय सांगितला. "माह्या शाळेच्या पत्त्यावर मागवा."

"प्रश्न मशीनचा नाही," नागसेन म्हणाला. "तत्त्वाचा आहे. आपल्याला पत्ता आहे. त्यांच्याकडे रकाना नाही. मग चूक कुणाची?"

"आईच्या कानाचं चाललं होतं. मधात तुमचं नाक कुठून आलं?"

पण नागसेन तोवर ओट्यावर गेला होता. भर बैठकीत, कमरेवर हात ठेवून, त्याने जाहीर केलं की आईची मशीन येईल तर 'जुन्या टाकीजवळ' याच पत्त्यावर येईल, आणि त्यासाठी तो साऱ्या जगाचा फॉर्म बदलून दाखवेल. पिठाच्या गिरणीवाल्या गीताबाई म्हणाल्या, "बाप्पा!" वामनराव म्हणाले, "अर्ज मी तपासून देतो." सिंधूताईंनी हसून मान हलवली.

आता माघार नव्हती.

प्रस्ताव लिहायला नागसेनने सुट्टी टाकली. पत्त्याच्या तयार फॉर्ममध्ये 'खूण' नावाचा एक नवा रकाना असावा, जवळ, समोर, मागे यांपैकी एक शब्द निवडायची सोय असावी, आणि खूण भरली तर घर क्रमांकाची सक्ती नसावी. पार्सल परत आलं तर कारणांच्या यादीत 'खूण सापडली नाही' हेही असावं, म्हणजे निदान चूक कुठे झाली ते कळेल. हे शेवटचं कलम त्याचं त्यालाच इतकं आवडलं की तो उठून पाणी प्यायला. मग 'हा बदल का हवा' या शीर्षकाखाली त्याने भावनेच्या भरात लिहिलं: "या टाकीच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो."

वामनरावांनी मसुदा फोनवर मराठीत करून घेऊन वाचला. "सावली ठीक आहे. पण चतुःसीमा कुठी आहे?"

"काका, हा जमिनीचा कागद नाही."

"कागद कोन्ताही असो, चतुःसीमा नसली तं उद्या कोनीही उठते. धामणगाव बढ्याले असतानी एका कागदात उत्तरेकडची बाजू राहून गेली होती. दोन भाऊ अजून बोलत नाहीत."

प्रस्ताव गेला. पहिल्याच मिनिटाला उत्तर आलं. धन्यवाद, आपला प्रस्ताव मिळाला, कृपया योगदान करारावर सही करावी. उत्तर देणारं एक यंत्र होतं, पण वामनरावांना ते पटेना. "एका मिनिटात उत्तर देते? नवीन लागला असंल बाबू. सहा महिन्यानं पाह्य, तोही शिकंल." आणि त्यांनी त्या यंत्राला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोनवरून नमस्कार कळवून टाकला. यंत्राने त्यांनाही करारावर सही करायला सांगितली. वामनरावांनी केली. पर्गोलाच्या दफ्तरात आता त्यांचं नाव नागसेनच्या आधी लागलं होतं.

हे एकदा झाल्यावर दार उघडलं. नागसेनने जगाला चर्चेसाठी बोलावलं होतं आणि मिलिंद नगर काही जगाबाहेर नव्हतं. वामनरावांनी संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना समजावलं की प्रस्तावावर हरकती मागवल्या आहेत आणि मुदतीत हरकत न घेतल्यास संमती समजली जाईल. नागसेनने ज्याला मनापासून 'अभिप्राय' म्हटलं होतं, त्याचं असं झालं. लोक मराठीत सांगत, फोन त्याचं इंग्रजी करी, आणि सकाळी फिनलंडमध्ये ते उतरे.

हरकत, वामनराव यांची: जुनी टाकी ही सार्वजनिक खूण असून इंगळे कुटुंबाचा तिच्यावर स्वतंत्र हक्क नाही.

हरकत, गीताबाईंची: टाकीपेक्षा गिरणी जास्त ओळखीची आहे. गिरणी चालू आहे, टाकीचं काय?

उपहरकत, वामनरावांची: गिरणी लाइट गेल्यावर बंद असते. खूण चोवीस तास पाहिजे.

गीताबाई, इंग्रजीत, फोनच्या मदतीने: ज्यांच्या घरचं दळण उधार आहे त्यांनी शांत बसावं.

नागसेनने मान खाली घालून प्रत्येक हरकतीखाली 'कृपया दुर्लक्ष करावे' असं लिहिलं. पण हेल्मीबाई दुर्लक्ष करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पर्गोलाच्या मंजुरी देणाऱ्या मंडळात त्या होत्या आणि प्रत्येक शब्द वाचत. त्यांनी लिहिलं की एखाद्या प्रस्तावावर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा इतका उत्साही सहभाग त्यांनी प्रथमच पाहिला. दूर मध्य अमेरिकेतून कुणीतरी लिहिलं, आमच्याकडेही पत्ते असेच असतात, अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर, पाठिंबा आहे. नागसेनची छाती फुगली. त्याने ते ओट्यावर वाचून दाखवलं. वामनराव म्हणाले, "झाड म्हंतले की जात लिवा लागते. अंजीर लिवलं ना त्यानं? मंग बराबर आहे."

आणि मग हेल्मीबाईंचा तो निरोप आला. प्रस्ताव आवडला. माहितीपुस्तिकेत उदाहरण म्हणून नांदुऱ्याचंच घेऊ. टाकीचा एखादा फोटो मिळू शकेल का?

आता एक अडचण सांगितली पाहिजे, जी मिलिंद नगरात कुणालाच अडचण वाटत नव्हती म्हणून आत्तापर्यंत तिचा उल्लेख आला नाही.

टाकी नाही.

जिथे ती होती तिथे मोकळी जागा आहे, थोडी बोरीची झुडपं आहेत आणि एका बाजूला वामनरावांची स्कूटर असते. टाकी केव्हाच पाडली. पण टाकी गेली म्हणून टाकीजवळ राहणारे लोक थोडेच गेले? टाकी चौकोनी होती असं वामनराव सांगतात. गोल होती असं गीताबाई सांगतात. तिच्या लोखंडी शिडीला आपण कसे उलटे लोंबकळायचो, हे नागसेन सांगतो.

नागसेनने सरळ लिहायला हवं होतं की टाकी नाही. पण जिच्या सावलीत आपण वाढलो ती नाहीच, हे फिनलंडला कसं कळवायचं? तो दोन दिवस गप्प राहिला. आणि त्याच्या गप्प बसण्यात वामनरावांना मुदत टळताना दिसली. त्यांनी परस्पर कळवून टाकलं: "फोटो सादर करण्यात येईल."

"काका, कशाचा फोटो?"

"टाकीचा."

"टाकी कुठं आहे?"

"माह्या गच्चीवर बसवाची नवी टाकी उद्या येऊन राह्यली. गच्चीवर चढाच्या आधी घडीभर खाली उभी राह्यली तं काय झिजते ते?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टाकी आली. नुसती जमिनीवर ठेवली तर ड्रम वाटेल, म्हणून मंडपवाल्याकडून बांबू आणले आणि उंच मचाण बांधलं. वर टाकी चढली. ती नवीकोरी चकाकत होती, म्हणून गीताबाईंनी तिच्यावर गिरणीतलं पीठ उधळलं. ती जुनी दिसेना, साखरपुड्याला निघाल्यासारखी दिसू लागली. मग कुणालातरी वाटलं, एवढं उंच काही उभं राहिलं आणि नारळ फुटला नाही, हे बरं दिसत नाही. नारळ आला. झेंडूचा हार आला. वामनराव दोन शब्द बोलले, त्यांना वीस मिनिटं लागली. नागसेन एका कोपऱ्यात उभा होता. आपण एका साध्या रकान्यासाठी निघालो होतो, हे त्याला आठवत होतं. सिंधूताई ओट्यावरून बघत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या, आणि मग 'काऊन वाजवल्या?' अशा नजरेने सुनेकडे बघितलं; मंजुश्री आत निघून गेली.

फोटो गेला. हेल्मीबाईंनी 'सुंदर' असं लिहिलं. प्रस्ताव मंजूर झाला. पर्गोलाच्या नव्या आवृत्तीत 'खूण' नावाचा रकाना आला, बेंगळुरूच्या कंपनीने ती आवृत्ती घेतली, आणि एका रविवारी सकाळी नागसेनने टाइप केलं: जुन्या टाकीजवळ. रकाना हिरवा झाला. तो घरभर नाचला. मंजुश्रीही थोडीशी नाचली.

टाकी मात्र खाली उतरली नाही. तिची सवय लागली होती. पोरं तिच्यासमोर सेल्फी काढत. वामनरावांनी प्लंबरला 'पुढच्या आठवड्यात' असं सांगायला सुरुवात केली होती. आपल्या पैशाची वस्तू सार्वजनिक झालेली पाहून त्यांना पहिल्यांदा देणगीदारासारखं वाटत होतं.

आणि कुरिअरवाला ज्ञानेश्वर आला.

तो या भागात नवा होता, पण त्याच्या कचेरीने त्याला पक्कं शिकवून पाठवलं होतं. त्याने टाकीखाली उभं राहून, टाकीकडे पाठ करून, फोन लावला.

"भाऊ, टाकी कुठी आहे?"

"तुम्ही कुठं आहात?"

"टाकीजवळच उभा आहो ना मी. पण मले पाह्यजे ते टाकी हे नव्हे."

"अहो तीच! तीच टाकी!"

"मले बनवता का भाऊ? हे तं कालची आहे. स्टिकर बी नाही निंघालं. आमच्या सायबानं सांगतलं, नांदुऱ्यात जुनी टाकी म्हंजे जिथं टाकी नाही ते. इथं तं टाकी आहे."

नागसेन या युक्तिवादात खोट शोधत असतानाच फोन कटला. तो चपला न घालता धावला. पण ज्ञानेश्वर मन लावून काम करणारा माणूस. तो टाकी नसलेली जागा शोधत रेल्वे फाटकापलीकडे गेला होता. फाटक पडलं. एक मालगाडी गेली, दुसरी आली. नांदुऱ्यात टाकी नसलेल्या जागा पुष्कळ आहेत. संध्याकाळी नागसेनच्या फोनवर निरोप उमटला, आणि त्यातला शब्दन् शब्द त्याच्या स्वतःच्या प्रस्तावातला होता:

पार्सल परत. कारण: खूण सापडली नाही.

तो ओट्यावर बसला. बैठक जमली, पण कुणी बोललं नाही. सिंधूताईंनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, कुणाच्या ओठांवर काही हलतं का ते पाहिलं, आणि उजेड होता तरी उठून आत गेल्या. त्या हसल्या नाहीत, मानही हलवली नाही.

त्याच संध्याकाळी नागसेनने हेल्मीबाईंना सगळं लिहून टाकलं. टाकी नाही. फोटोतली टाकी वामनरावांच्या गच्चीची आहे. तिच्यावर पीठ आहे. जुनी टाकी पाडली आहे, आणि ती पाडली आहे म्हणूनच सगळ्यांना सापडते. मंजुरी रद्द केलीत तरी माझी तक्रार नाही.

उत्तर आलं. "म्हणजे खूण अस्तित्वात असण्याची गरज नाही?"

नागसेनने लिहिलं, "नाही. लोकांना ठाऊक असली की पुरे."

हेल्मीबाईंनी लिहिलं की या चर्चेतलं हे सर्वांत उपयुक्त वाक्य आहे आणि ते माहितीपुस्तिकेत जसंच्या तसं जाईल. फोटोच्या जागी मोकळ्या जागेचा फोटो पाठवावा, स्कूटर असली तरी चालेल. मध्य अमेरिकेतल्या माणसाने खाली लिहिलं की अंजिराचं झाडही वादळात पडलेलं आहे, त्याला ते बोलायचा धीर होत नव्हता. यंत्राने दोघांचे आभार मानले.

सकाळी टाकी उतरवली. वामनरावांनी हार स्वतः काढला. बांबू गेले, मचाण गेलं, जागा पहिल्यासारखी काहीच नसलेली झाली. स्कूटर तिच्या जागी लागली. पार्सल अजून नांदुऱ्याच्या कचेरीतच होतं, मंजुश्रीने फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "या आता. टाकी काढली." ज्ञानेश्वर दहा मिनिटांत आला. कुणाला काही न विचारता, डोळे मिटून यावं तसा, थेट ओट्याशी. "हाव," तो मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला. "आता दिसली."

संध्याकाळी बैठक जमली. सिंधूताई कानात मशीन घालून मधोमध बसल्या. मागे गीताबाई शेजारणीच्या कानात वामनरावांच्या उधार दळणाचं कुजबुजत होत्या. वामनरावांनी पुढे वाकून, वर्षभराच्या सवयीने, स्टेशनवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सिंधूताई! ऐकू येते काऽऽय?"

"येते ना वामनभाऊ," सिंधूताई म्हणाल्या. "वरडता काऊन? आन् गीताचं दळण उधार ठिवता म्हंते. काऊन ठिवता?"

बैठकीत हशा फुटला. गीताबाई हसताहसता ओट्यावरून घसरल्या. वामनराव म्हणाले की सदर बाब चर्चेत नाही. मग सिंधूताईंनी सगळ्यांची वर्षभराची थकलेली चौकशी करून घेतली, कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, आणि मोताळ्याच्या मामांसाठी थोड्या रडल्या. दिवे लागले, तरी त्या उठल्या नाहीत.

शेवटी वामनरावांनी फोन काढला. पर्गोलाची नवी माहितीपुस्तिका आली होती आणि तिच्यात मिलिंद नगर होतं. फोनने तिचं मराठी करून दिलं. ते उभे राहून वाचू लागले. "उदाहरण: जुन्या टाकीजवळ, नांदुरा. खूण अस्तित्वात असण्याची गरज नाही. लोकांना ठाऊक असली की पुरे. प्रस्तावक श्री. नागसेन इंगळे, जे या टाकीच्या सावलीत लहानाचे मोठे झाले, तिच्या शिडीला लोंबकळत..."

"शिडी बी लिवली का बे?" गीताबाई म्हणाल्या.

नागसेनने छाती पुढे काढली. सिंधूताईंनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग हसून मान हलवली.

टाकी पाडली, त्यानंतर चार वर्षांनी नागसेनचा जन्म झाला.